खो-खोची कर्णधार

मुलुंड

आई, पाया पडतो.

शाळेच्या हॉलमधल्या फळ्यावरची जुन्या विजेत्यांची नावं मी काल रंगवून बुजवत होतो. नव्या क्रिकेट संघासाठी जागा हवी होती. ‘१९८३, खो-खो, कर्णधार शेवंती पाष्टे’ ही ओळही गेली.

शिपाई लवूकाका ओरडले, "अहो सर, आईलाच पुसलंत ना!"

"आईचं नाव विमल."

"ते लग्नात तांदळावर लिहिलेलं. आमच्या वर्गात ती शेवंतीच होती."

मामाचं आडनाव वाचूनही माझा हात थांबला नव्हता. तू याच शाळेतली, एवढंच मला ठाऊक. पुढचं कधी विचारलं नाही. लाज वाटते.

गावी गुडघा कसा आहे? तो खेळातच दुखावला होता का?

आज सकाळी प्रार्थनेआधी ती ओळ मी पुन्हा लिहिली. अक्षर वाकडं आलंय.

तुझा,
हितेश