आफ्रियेच्या शिवणशाळेचा इंटरनेटवरचा प्लॉट

कुमासी, बुधवार, दुपार

चि. येबोआ यास,

मी आणि दोन पहिलवान पोकुआच्या ऑफिसच्या जिन्यात अडकलो होतो, म्हणजे पहिलवान अडकले होते आणि मी त्यांच्या मधे होतो, तेव्हा मला तुझी फार आठवण झाली. म्हणून आधी अनेक आशीर्वाद. तू, सूनबाई आणि पोर सुखरूप असाल. हॅम्बुर्गला थंडी असेल. छातीला शियाचं लोणी चोळत जा (मागच्या वर्षी पाठवलेला डबा तू उघडलेलाच नाहीस, असं सूनबाईंनी तुझ्या आईला सांगितलं आहे, माझा आग्रह नाही). माझा गुडघा आहे तसा आहे. तुझ्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची, आफ्रियेची तब्येत उत्तम आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण जेवण पाठवते. सोमवारपासून मिरचीशिवाय पाठवते.

कारण तिच्या शिवणशाळेचं आहे. परवा, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता तपासणीचे लोक येणार आहेत. यंदा त्यांनी नवा नियम काढला. शाळेची स्वतःची वेबसाइट पाहिजे, आणि ती त्यांच्यासमोर उघडली पाहिजे. नाही उघडली तर शाळेचं नाव मान्य यादीतून जाईल, आणि चौदा मुलींनी तीन वर्षं लावलेल्या बाह्या सरकारदरबारी लावल्याच नाहीत असं ठरेल. शिक्षण संपलं की रिवाजाप्रमाणे मुलींच्या डोक्यावर ओतायची पावडरसुद्धा आणून ठेवली आहे. तुझी आई म्हणाली, कोणा जाणत्याला विचारू. मी म्हणालो, एकतीस वर्षं मी सर्वे खात्यात नकाशे काढले. पत्ता म्हणजे काय हे मला दुसऱ्यानं शिकवायला नको. ही चूक नव्हती. चूक पुढे आहे.

पोकुआ म्हणजे आमच्या खात्यातल्या कै. डोंकोरची मुलगी. आडुममध्ये कापडाच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत आणि तिथून ती लोकांना इंटरनेटवर जागा देते. बत्तीस वर्षांची आहे. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात खात बोलते, त्यामुळे तिच्या वाक्यांना आपोआप विराम पडतात आणि माझ्यासारख्याला समजायला वेळ मिळतो. तिनं सांगितलं, डोमेन म्हणजे नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या करारावर मिळतं. (आपल्याकडे जमीनही तशीच मिळते, राजाची असते, आपण फक्त भाडेपट्ट्यानं बसतो. मला यात नवल वाटलं नाही.) होस्टिंग म्हणजे ते नाव ज्या खोलीत राहतं ती खोली. मी खोलीचा नकाशा मागितला. ती म्हणाली, "नाना, खोली जर्मनीत आहे." मी विचारलं, शेजारी कोण राहतं. या प्रश्नावर तिनं केळं खाली ठेवलं. म्हणाली, इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले, आणि विचारायचं तेच असतं.

कारण आपण घेतली ती सामायिक खोली. एकच मोठं यंत्र, दिवसरात्र चालू, आणि त्यात शंभर बिऱ्हाडं. आसाफो वस्तीतल्या ज्या घरात तुझी आई आणि मी वाढलो ते आठव: अकरा कुटुंबं, एक अंगण, एक न्हाणी. कोणाकडे बारसं असलं की आम्ही त्या दिवशी अंघोळ करत नसू. इथेही तेच. आपल्या शेजारी कोंबड्यांचं खाद्य विकणारा एक जण आहे आणि पलीकडे एक चर्च आहे. रविवारी चर्चकडे गर्दी झाली की आपलं पान सावकाश उघडेल. बँडविड्थ म्हणजे अंगणाचं फाटक, त्यातून एका वेळी किती माणसं आत येतील ते. मी तिला सांगितलं की आमच्याकडे अडचण फाटकाची कधीच नव्हती, न्हाणीची होती. त्यालाही एक शब्द आहे म्हणाली, पण आज नको. मग डीएनएस. अनोळखी वस्तीत घर शोधायचं तर माणूस कोपऱ्यावर केंके, मक्याचे आंबवलेले गोळे, विकणाऱ्या बाईला विचारतो, कारण कोण कुठे राहतं, कोणाशी भांडून कुठे गेलं, हे फक्त तिला माहीत असतं. डीएनएस म्हणजे जगभरच्या केंकेवाल्या. तुम्ही नवीन घरात गेलात की ही बातमी सगळ्याजणींना एकाच दिवशी कळत नाही, दोन दिवस लागतात. येबोआ, मी तुला सांगतो, इंटरनेट करणाऱ्यांनी कुमासी पाहिलेलं असणार.

पंधरा दिवस साइट उत्तम चालली. मी ती चर्चमध्ये सगळ्यांना दाखवली, काहींना दोनदा. सोमवारी सकाळी तुझ्या आईनं ती उघडली तर पान नाही. त्या जागी एक पाटी: या नावाच्या मालकाची खात्री पटलेली नाही, सबब हे नाव बंद ठेवलं आहे. तू तिकडे बारा वर्षं आहेस, तुला याचा अर्थ लागायचा नाही. इथल्या कोणाही माणसाला लागेल. अर्थ असा की दुसरा मालक उभा राहिला आहे. सुआमेच्या रस्त्यावरचा एक प्लॉट माझ्या डोळ्यांदेखत चौघांना विकला गेला आणि चौघांकडेही माझ्या सहीचा नकाशा होता (तीन सह्या खऱ्या होत्या, त्याचं कारण वेगळं आहे). अशा वेळी वाद घालायचा नसतो. प्लॉटवर जाऊन उभं राहायचं, भिंतीवर लाल रंगानं 'विक्रीसाठी नाही' लिहायचं, आणि दोन राखणदार बसवायचे. मी रंगाचा डबा घेतला आणि आट्टा जुळ्यांना बोलावलं. थोरला आट्टा दारात आडवा चालतो. धाकटा थोरल्याहून जाड आहे.

प्लॉट जर्मनीत असल्यानं आम्ही आज सकाळी पोकुआच्या ऑफिसात जाऊन उभे राहिलो. म्हणजे जिन्यातून सुटल्यावर.

"नाना, हे कोण?" पोकुआ म्हणाली.

"राखणदार."

"कशाचे?"

"नावाचे."

थोरल्यानं चारी बाजूंना नजर टाकून विचारलं, "भिंत कुठली रंगवायची?"

"भिंत जर्मनीत आहे," ती म्हणाली. "जा, रंगवून या."

"व्हिसाचं नाना बघतील," धाकटा म्हणाला आणि तिच्या ताटलीतले शेंगदाणे खायला लागला.

मग तिनं दप्तर उघडलं. आपल्या नावाला कोणीही दुसरा मालक नाही. झालं ते एवढंच: नाव घेतलं की मालकाला ईमेल जाते, त्यात एक निळी ओळ असते, ती मालकानं पंधरा दिवसांत दाबायची असते. तो खरा माणूस आहे आणि त्याची ईमेल खरी आहे, याची ती खूण. नाही दाबली तर नाव बंद पडतं. मी म्हणालो, मग मालकाचं नाव बदल. ती म्हणाली, मालकाच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. मी म्हणालो, मग त्या माणसाला विचार की, इतका कसला निष्काळजी. तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मी वाचलं. आट्टांना रंगाचा डबा परत न्यायला सांगितला.

आपल्या चर्चमधल्या ट्वुमासीबाई उद्या संध्याकाळच्या विमानानं निघून शुक्रवारी सकाळी हॅम्बुर्गला पोचतात. हे पत्र आणि शितोच्या, आपल्या मिरचीच्या चटणीच्या, दोन बाटल्या त्यांच्याबरोबर देतो आहे. शितो आधी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, आधी पत्र वाच. सर्वांना आशीर्वाद.

तुझा मामा,
क्वाकू असाबेरे

ता. क. मालक तू आहेस. अर्जात मालकाचा रकाना होता. मी विचार केला, आपल्या रिवाजात मामाचं जे असतं ते शेवटी बहिणीच्या मुलाला जातं. मी मेल्यावर कागद पुन्हा करण्यापेक्षा आत्ताच तुझं नाव आणि तुझी ईमेल घातलेली बरी. शाळा माझी नसून तुझ्या आईची आहे, हे माझ्या लक्षात आज पोकुआच्या ऑफिसात आलं. तिनं ती ईमेल पुन्हा पाठवली आहे. माझ्या प्रार्थना आणि लसणाचे उपाय तू जिथे टाकतोस तिथे बघ. निळी ओळ दाब. मी फोनच केला असता, पण ईस्टरपासून तू माझा नंबर बंद केला आहेस. का, ते मी विचारत नाही.

ता. क. दुसरा. यातलं अक्षरही तुझ्या आईला कळता कामा नये. दुसऱ्या मालकाशी मी दोन हात करतो आहे, असं तिला सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. ते यंत्र ज्या गावात आहे ते तुझ्यापासून आगगाडीनं पाच तासांवर आहे, असं पोकुआ म्हणते. एखाद्या रविवारी जाऊन चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. शेजाऱ्यांशी वाद घालू नकोस.

गुरुवार, सकाळ. पत्र टेबलावर उघडं राहिलं. सहा वाजता तुझी आई लापशी घेऊन आली आणि उभ्यानंच सगळं वाचलं. मग तिनं तुला फोन केला आणि पहिल्याच घंटेला तू उचललास. ती एवढंच म्हणाली, "येबोआ, दाब." आठ वाजून चार मिनिटांनी पान उघडलं. साडेआठला ती पोकुआकडे जाऊन मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव देऊन आली. त्यासाठी तुला अजून एक ईमेल येईल, तीही दाब. उद्याच्या तपासणीसाठी मला शाळेच्या व्हरांड्यात बसवून मुलींच्या कापडावर खडूनं रेषा आखायला दिल्या आहेत. सरळ येतात.