नाकाची खात्री

४ नोव्हेंबर
आज आमच्या पॅथॉलॉजी विभागात मधाची बरणी आली! नवी डॉक्टर — आजपासून हिचं नाव मधमाशी — म्हणते, "सर, ऑपरेशनमधून आलेल्या गाठींचे तुकडे टिकवायला फॉर्मॅलिनऐवजी मधाचं पाणी वापरून बघू. फॉर्मॅलिन विषारी आहे." मी म्हटलं, "उरलं तर ब्रेडला लावा." कोणी हसलं नाही. विनोद कळायलाही अक्कल लागते.

५ नोव्हेंबर
माशी घोंघावतेच आहे. विभागप्रमुख म्हणून या मधाबद्दल वरिष्ठांना माझं मत कळवायचंय. एका ओळीत कळवणार — उभा जन्म फॉर्मॅलिन हुंगतोय, मला काय झालं?

७ नोव्हेंबर
मुलगी बाळाला घेऊन आली. पहिलीवहिली नात आणि मला हात लावायची बंदी! "बाबा, आधी आंघोळ करा. अंगाला त्या औषधाचा वास येतो." मला तर काही येत नाही. बायकोनंही तिचीच री ओढली. वर ओट्यावरचं दूध करपलं तरी मी शेजारी पेपर वाचत बसलो, म्हणून बोलणी खाल्ली. आता दूधही मीच सांभाळायचं!

८ नोव्हेंबर
मधमाशीनं एकाच गाठीचे दोन तुकडे केले. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक मधात. डब्या सारख्याच पांढऱ्या, आणि चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या! मग धावाधाव — कुठली कुठली? आणि या बाई आम्हाला शिकवणार!

मी म्हटलं, "चिठ्ठ्या कशाला? नाक कशाला दिलंय?" सगळ्यांसमोर एक डबी उघडली, नाकाशी धरली, जोरात श्वास घेतला. वास नाही. "हा घ्या तुमचा मध. नुसतं पाणी!"

तंत्रज्ञ खोकत खिडकीकडे पळाला. मधमाशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सर, झाकण लावा. फॉर्मॅलिन आहे ते."

नाटकं मेली! माझेही डोळे चुरचुरत होते, पण ते रागानं.

९ नोव्हेंबर
साबण. कॉफी. घामानं भिजलेले बूट. एकेक नाकाशी धरलं. बायकोनं विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, काही नाही.
मत पाठवलेलं नाही.

१० नोव्हेंबर
दोनदा आंघोळ केली. मग नात मांडीवर मिळाली. मुलगी म्हणाली, "बाबा, टाळू हुंगा ना तिची. कसला गोड वास येतो!"
हुंगली. पुन्हा हुंगली.
"हो गं," म्हणालो.