विल्ट्झच्या गाडीवरचा जावई

अबुधाबी, रविवार

प्रिय ॲमंडा बाय,

अक्षर ओळखलंस ना? दोन वर्षं फोनवर आलो नाही आणि आता एकदम पत्र, म्हणजे पप्पाला वेड लागलं म्हणशील. म्हण. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, मम्मीलाही येऊ दिलं नाही. तुला काहीही म्हणायचा हक्क आहे.

मम्मी तुझ्याशी व्हिडिओवर बोलते तेव्हा मी किचनमध्ये कांदे चिरत असतो. दर रविवारी आपल्या घरात फार कांदे लागतात हल्ली! तुझ्या नवऱ्याची, जिलची ड्युटी कुठल्या गाडीवर आहे ते तू तिला सांगतेस, आणि मग मी मोबाईलवर तुमच्या रेल्वेचं टाइमटेबल उघडून बसतो. लक्झेंबर्गहून निघायचं, एटेलब्रुक, मग कौटेनबाख, तिथे गाडी बदलून विल्ट्झ. इथे कुठे जायचं तर कार काढायची, नाहीतर सिटी बस, आणि साठीला आलेला तुझा बाप प्लॅटफॉर्म पाठ करतोय. गाडीला सहा मिनिटं उशीर दिसला तरी माझा जीव टांगणीला लागतो.

तू लग्नाचं सांगितलंस त्या दिवशी फोनवर मी काय बोललो ते शब्द न् शब्द आठवतं. तिथे ट्रेन फुकट, तिकीट नावाची चीजच नाही, मग तुझा हा गार्ड दिवसभर मारतो काय, माश्या? बँकेत नोकरीला गेलेली आमची पोरगी, आणि जावई हा! बोलणारा कोण, तर एकतीस वर्षं हॉटेलच्या दारात लोकांच्या बॅगा उचलणारा मॉरिस. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण फार उशिरा.

मार्चमध्ये हॉटेलला तुमच्याकडची एक म्हातारी बाई उतरली होती, वॉकर घेऊन चालणारी. मी मुद्दाम विषय काढला, की तुमच्याकडे गार्ड करतो तरी काय. ती म्हणाली, लक्झेंबर्गची मोठी गाडी उशिरा आली तर कौटेनबाखला विल्ट्झच्या गाडीचा गार्ड आधी प्लॅटफॉर्म बघतो, मग घड्याळ. तिचा वॉकर स्वतः उचलून आत ठेवतो आणि ती बसल्यावरच शिट्टी वाजवतो. तो आपला जिल होता की दुसरा कोणी, ते विचारायचा धीर झाला नाही. पण बाय, हे काम मला कळतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?

डिसेंबरात माझी नोकरी संपते. मग रेसिडन्स व्हिसा खलास, आणि आम्ही वसईला. त्याआधी तुला भेटावं म्हणून काल कुणाला न सांगता व्हिसाचा फॉर्म भरून घ्यायला टायपिंग सेंटरला गेलो. तुझं नाव घ्यायला तोंड नव्हतं, म्हणून टुरिस्ट लिहायला सांगितलं. टाइप करणाऱ्या एमाननं चार दिवसांचा प्लॅन विचारला, तर मी धडाधड स्टेशनंच सांगितली. अंकल नुसत्या ट्रेन बघायला एवढे लांब चाललेत, म्हणून ती हसली. मग सहज विचारलं, तिथे आपलं कोणी आहे का. मी म्हणालो, कोणी नाही.

एवढं बोललो आणि खुर्चीतून उठलो, परत बसलो. तिनं पाणी आणून दिलं. मी फॉर्म रद्द करायला लावला आणि पार्किंगमध्ये बसून रडलो. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं, माझं तुला दोनदा नाकारून झालं.

निघताना एमाननं सांगितलं होतं की घरचं माणूस तिथे असेल तर त्यांच्याकडून आमंत्रणाचं पत्र मागवा, फॉर्मला जोडता येतं. ते मागायला हे लिहितोय. तू बोलावलंस तेव्हा आलो नाही. आता मीच म्हणतोय, आम्हा दोघांना बोलाव. मम्मीला अजून काही बोललो नाही. तुझं उत्तर ‘नाही’ असं असेल तर तिला कळायला नको. आणि जमलं तर त्या पत्रावर जिलचीही सही घे. कायद्यानं लागत नाही, मी विचारून घेतलंय. मला हवी आहे.

तुझाच,
पप्पा