रोपवेचा दांडा मोजणारीचं मृत्युपत्र

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अणुभट्टीवरच्या न्यूट्रॉन विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. काल डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत गेले. त्या चौथ्या आकड्यालाच पुरे म्हणत होत्या. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यजमान हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीचे. मात्र मागच्या खोलीत माझे धाकटे दीर त्यांच्या हयातीपर्यंत राहतील आणि तोवर घर विकू नये. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून दीर तिथे आहेत. गेली एकवीस वर्षे ते मला वहिनी म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. का, ते खाली येईल. पण त्यांचे गुडघे गेलेत आणि मागच्या खोलीला पायरी नाही. राग वेगळा, पायरी वेगळी.

२. यजमानांची वेल्डिंगची हत्यारे, तोंडावरचा मुखवटा धरून, रोपवेच्या वर्कशॉपला द्यावीत. वापरणार असतील तरच. काचेच्या कपाटात मांडणार असतील तर मुलीने परत आणावीत.

३. माझ्या मोजमापाच्या वह्या विभागाच्या ग्रंथालयाला. त्यातली हिरव्या पाठीची वही मुलीने आधी वाचावी. तिच्यात काय आहे ते इथे लिहिते, म्हणजे माझ्या मागे कोणी भलतेच सांगायला नको.

रोपवेच्या मोठ्या चाकाचा दांडा झिजला होता. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भराव घालून तो आमच्याकडे तपासायला आला. क्ष-किरण पोलादाच्या वरच्या कातडीवरच अडतात. न्यूट्रॉन बोटभर आत सहज शिरतात. आतल्या अणूंच्या ओळी ताणलेल्या असतील, तर न्यूट्रॉन बाहेर पडण्याचा कोन केसभर बदलतो. तो केसभर फरक मोजणे हे माझे आयुष्यभराचे काम.

दांडा बाकावर ठेवला आणि मी भराव ओळखला. इतका एकसारखा टाका एकाच माणसाचा पडायचा, आणि त्याचा डबा मीच सकाळी भरला होता. मी तडक साहेबांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले.

"हे माप दुसऱ्या कोणाला तरी द्या. जोड माझ्या यजमानांचा आहे."

"दुसरं कोण रिकामं आहे? मोजा तुम्हीच."

मोजले. भरावाच्या कडेला तीन बिंदूंवर ताण इतका निघाला, की मी यंत्रच चुकलेय असे समजून ते पुन्हा जुळवले. यंत्र ठीक होते. साहेब म्हणाले, "ते तीन बिंदू काढून टाका. काउंट कमी आहेत, मोजायला न्यूट्रॉनच पुरेसे आले नाहीत, नुसता गोंगाट आहे."

"काउंट कमी असतील तर परत मोजते."

"सोमवारी रोपवे सुरू करायचाय हो! आणि स्वतःच्या घरात कशाला आग लावून घेता?"

एकेका बिंदूला सहा-सहा तास दिले. तिन्ही बिंदू तिथेच राहिले.

सही करण्याआधी मी यजमानांना सांगितले. ते जेवत होते.

"माझं वेल्डिंग खोटं आहे म्हणतेस?"

"भेग कुठेच नाही. पण आत ताण राहिलाय."

"राहणारच! भट्टीत तापवून सावकाश थंड करा म्हणून घसा सुकला माझा. मॅनेजर म्हणाला, चार दिवस जातील, राहू दे."

"तसं लिहून दिलं होतंत?"

"वर्कशॉपात कोण लिहून देतं?" ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. रोपवे बंद राहिला. मॅनेजरने सगळा दोष वेल्डरवर ढकलला, यजमानांना घरी बसवले, आणि ते आमच्या घरी न बसता दिरांकडे जाऊन राहिले. दीर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, नवऱ्याच्या पोटावर पाय देताना काहीच वाटलं नाही?" वाटले होते. ते आता इथे लिहून ठेवते.

एकेचाळिसाव्या दिवशी यजमान दांडा घेऊन विभागाच्या फाटकाशी उभे. वर्कशॉपने अखेर तो भट्टीत घातला होता. मला फक्त म्हणाले, "मोज." दोन दिवस ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी आलेख त्यांच्या हातात दिला.

"ताण खाली आला?"

"जवळजवळ सगळा."

"म्हणजे जोड माझा बरोबर होता."

"जोड बरोबरच होता."

ते डोळे पुसत म्हणाले, "चल घरी. भूक लागलीय." रोपवे पुढच्याच आठवड्यात सुरू झाला. त्यांना कामावर घेतले, माफी कोणी मागितली नाही. आणि मला साहेबांनी चार वर्षे यंत्रापासून लांब, भांडारात ठेवले. तिथेही मी प्रत्येक नटबोल्ट मोजून घेतला.

४. माझी बँकेतली सर्व ठेव विभागाला, एकाच अटीवर: दरवर्षी एका तरुण संशोधकाला, दुसऱ्याने केलेले आणि सर्वांनी मान्य केलेले एक माप परत करायला ती वापरावी. उत्तर काहीही येवो, छापावे. अट मोडली तर रक्कम मुलीकडे यावी. ती कोर्टात जायला भीत नाही, माझ्याच वळणावर गेली आहे.

५. दिरांना माझ्या अहवालाची प्रत द्यावी. एकच पान आहे. त्यात यजमानांचे नाव शोधून पाहावे. फक्त दांड्याचा क्रमांक आहे.

६. मी गेल्यावर सभा झालीच, तर साहेब बोलायला उभे राहतील आणि म्हणतील की बाईंनी शेकडो जीव वाचवले. मुलीने त्यांना तिथेच थांबवावे. तो दांडा तुटला असता की नाही, हे कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. तो आतून ताणलेला होता एवढे मला माहीत होते. तेवढेच मी लिहिले.

वरील मजकूर वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार पहिली: शेजारच्या शिंपीणबाई, सही
साक्षीदार दुसरे: विभागाचे निवृत्त भांडारपाल, सही
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा