पोटात ठेवायला पोटच नाही

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. धाकट्या भावाने धाक घालून पाहिला. उपयोग झाला नाही. मला मरायची घाई नाही, हेही नोंदवते.

१. दुकानाचा गाळा माझ्या स्वकष्टाचा आहे. तो धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावा.

२. शिलाई यंत्रे व कात्र्या दुकानात काज-बटण करणाऱ्या बाईंना. मोठ्या कात्रीने कोणी कागद कापल्यास मी वर असले तरी शिव्या देईन.

३. माझे वडील, आत्या आणि थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेले. भाऊ गेला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. जमलेल्या नातेवाइकांसमोर मी वहिनींना म्हणाले, "तुमच्या तिखटानेच माझ्या भावाला खाल्लं." त्या पिशवी घेऊन निघून गेल्या.

४. पुढे माझी तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्यात एका जनुकाचा बिघाड आहे, वडिलांकडून आलेला. अशा माणसाला या कॅन्सरचा धोका फार मोठा. प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी."

मी विचारले, "आणि वहिनींचं तिखट?"

"त्यांचा काही दोष नाही."

मी सगळे पोट, म्हणजे जठर, काढून घेतले. त्यात रोगाचे बारीक ठिपके निघाले. त्याला नऊ वर्षे झाली. दिवसातून आठ वेळा मूठभर खाते आणि शर्ट-पँट शिवते.

५. धाकट्या भावातही तोच बिघाड निघाला. त्याने अहवाल कपाटात कोंडला. मला म्हणाला, "पोरीचं लग्न व्हायचंय, ताई. हे पोटात ठेव."

"पोटात ठेवायला मला पोटच नाही," मी म्हणाले, आणि माझा अहवाल भाचीच्या हातात दिला.

तिने तो कापायच्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचला. "आत्या, माझ्यात असेल?"

"असेल किंवा नसेल."

"आणि असलं तर?"

"तर माझ्याकडे बघ."

तिच्यात तो आहे. ती रडली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आली. भाऊ माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

६. माझी शस्त्रक्रिया झाल्यावर मी वहिनींच्या दारात गेले होते. "वहिनी, मी चुकले."

त्या म्हणाल्या, "बोललात चारचौघांत, आणि माफी एकांतात मागता?"

खरे होते. म्हणून इथे लिहिते, आणि हे कलम सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे: वहिनींनी माझ्या भावाला मारले नाही. मी खोटे बोलले.

७. दुकानावरची खोली वहिनींना द्यायची होती. त्यांना साक्षीदारही व्हायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले तर पुढे वाद होतो, एकच निवडा. वहिनींनी सहावे कलम दोनदा वाचले.

"खोली पोरीला द्या," त्या म्हणाल्या. "सही कुठे करू?"

खोली भाचीला.

ठिकाण: माझे दुकान
दिनांक: चौदा जून, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही)
साक्षीदार: माझ्या थोरल्या भावाची पत्नी (सही, ठळक अक्षरात)