बिनमानेची क्रेन

१ डिसें., सोम.
तीन महिने कंपनीत अवजड लोखंडी साचे पुसले. आज साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी क्रेनची परीक्षा. पास झालो तर ऑपरेटर. नाय तर सहा तासांची बस, गाव, अण्णांची मेंढरं.
रफिकचाचा शिकवणार. त्यांची वीस वर्षं क्रेनवरच गेली.

२ डिसें., मंगळ.
बजाजनगर, खोलीवर. संगं राहणाऱ्या नित्यानं मोबाईलवर क्रेन शब्द टाकला. आला पक्षी! मी म्हणलं, "येड्या, यंत्र टाक." तर म्हणे, "पक्षीच आधी हाय. यंत्राला नाव मागून पडलं."
चित्र बघितलं. करकोचा! हिवाळ्यात आमच्या धरणाकाठी शेकड्यानं उतरतो, हरभरा खातो. सातवीत शाळा सुटल्यावर मेंढरं त्यांच्याच संगं चारली. लांब मान, वाकून उचलायचं, म्हणून यंत्रालाबी तेच नाव. अजून एक अर्थ हाय, मान ताणून बघणं. एका शब्दात तीन, आणि तिन्ही मला ठाऊक. इंग्रजीची भीती जरा गेली.

३ डिसें., बुध.
चाचांना सांगितलं. ते वर बघून, "मियाँ, अपनी वाली की गर्दन किधर है?"
खरंच की! आमची छताखाली दोन रुळांवर आडवी पळते, खाली नुसता हूक. लई हसलो. मग म्हणाले, "गर्दन तेरे पास है ना. वो लंबी रख."

७ डिसें., रवि.
सुट्टी. क्रांती चौकाच्या पुढं एका बांधकामावर मानेची क्रेन हाय, ती बघायला गेलो. अर्धा तास उभा.
करकोच्यांचा थवा चरताना एखादा तरी मान वर करून असतो. कुणीबी एक ओरडला की सगळे उडतात. कोण ओरडला, विचारत बसत नाय. आमच्या कुत्र्यांना एक घावला नाय कधी.
उद्या परीक्षा.

८ डिसें., सोम.
साचा पट्ट्यात बांधला मी, उचलला मी. साहेबांनी बजावलेलं, इशारा फक्त चाचांचा बघायचा. अर्ध्यात आलो, तर झाडूवाल्या शांतामावशींनी हात वर केला. मी बटण सोडलं, क्रेन थांबली. साचा लटकत.
साहेब कडाडले, "कोणाकडं बघतो रे? आता झाडूवाली सिग्नल देणार का?"
मावशी, "सायेब, पट्टा बघा की!"
साच्याच्या धारेवर गोणपाट ठेवायचं मीच विसरलेलो. पट्टा अर्धा चिरलेला. हळूहळू खाली टेकवला.
कुणाला काय झालं नाय. कुणालाच नाय.
चाचा म्हणाले, "साहब, रुकने का इशारा किसी का भी हो, रुकनाच." साहेबांनी परीक्षेच्या कागदावर काय लिहिलं नाय, घडी करून खिशात.
आल्यावर चार भाकरी खाल्ल्या.

९ डिसें., मंगळ.
मावशींना चहा नेला. म्हणल्या, "माझ्यापायी नापास झाला का रं लेकरा?"
म्हणलं, "मावशी, तुमच्यापायी काल जेवण घशाखाली उतरलं."

१० डिसें., बुध.
अण्णांचा फोन. धरणावर करकोचे उतरले म्हणं. "पास का?"
"कागद साहेबाकडंच हाय."
"मग?"
मग काय. विसरलो ते लिहितील का थांबलो ते...
सकाळी चाचांनी क्रेनच्या बटणांचा डबा माझ्या हातात दिला. आधी गोणपाट ठेवलं. पट्टा ताणून बघितला. मग मान लांब करून मावशी कुठं उभ्या हायेत ते बघितलं.