एका ताग्याचे शर्ट

अमळनेर,
२६ सप्टेंबर १९९४

चि. सौ. सुषमा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लेगच्या बातम्या रोज वाचते आहे. निम्मी सुरत गाड्यांना लोंबकळून पळाली आणि तू तिथेच. तुझ्या यजमानांवर, वाल्मिकरावांवर, कारखान्याची राखण आहे, ते राहोत. तू ये. आपला धाकटा चिंधा आठ तारखेच्या पॅसेंजरने तुला न्यायला येतो आहे.

थोरली बहीण म्हणून स्पष्ट लिहिते. होळीत रिक्षा उलटून डोक्याला मार बसला, तेव्हापासून तुला चेहरे ओळखू येत नाहीत. वैशाखातल्या लग्नात तू आचाऱ्याच्या पाया पडलीस आणि जिलेबी कच्ची राहिली म्हणून मामांना दरडावलंस. मामा अजून सांगत फिरतात. हसू येतं, पण काळजी जात नाही. एकटीने संसार आता तुला झेपायचा नाही. कायमची इथेच राहा.

माया आहे म्हणून दटावते, हे ध्यानी असावे.

भागीरथी


लिंबायत, सुरत,
१ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कपडे बांधलेले नाहीत. आधी ऐक.

इथे प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. त्यात मालकाने गेल्या दिवाळीला गल्लीतल्या सगळ्या कारागिरांना एकाच ताग्याचं शर्टाचं कापड वाटलेलं, जांभळ्या चौकड्यांचं, बाजारात कुणी घेईना असलं. काल दवाखान्यापुढे गोळ्यांच्या रांगेत सगळे तेच घालून उभे. शेजारच्या शकूने मागून "अहो, चला" म्हटलं, तर अर्धी रांग वळली. नवऱ्याचं नाव ती थोडीच घेणार! तिने एकाची बाही धरली आणि डबा घासला नाही, सासूला पत्र टाकलं नाही, असं रागावत त्याला घरापर्यंत आणलं. तो मुकाट मान डोलावत होता.

मी ओट्यावर होते. म्हटलं, "शकू, हे तुझे नव्हेत. तुझे डावा पाय घासत चालतात. हा पंडित."

पंडित रुमालाआडून म्हणाला, "माले वाटनं, चहा भेटी."

शकू पायरीवर बसून पोट धरून हसली. नवरा तिकडे रांगेतच.

ताई, चेहरा पाहिला की मला नाक दिसतं, डोळे दिसतात, माणूस लागत नाही. चाल, आवाज, खाकरणं यांवरून ओळखायला शिकले, पण चुकायच्या भीतीने ओटा उतरत नव्हते. आता सगळं गाव माझ्यासारखं झालंय आणि मी त्यांच्या पुढे आहे. बायका मला हाताला धरून रांगेत नेतात, आपापला नवरा ओळखून घ्यायला. चिंधाला पाठवू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

सुषमा


अमळनेर,
११ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. सुषमा हिस आशीर्वाद.

टपाल रखडलं. तुझं पत्र चिंधा निघाल्यावर पोचलं. आज तो एकटाच परतला. मी रागवायला दारात उभीच होते.

तो म्हणतो, स्टेशनवर तोंडाला पदर बांधलेली एक बाई दिसली, ती तूच समजून त्याने तिची पिशवी उचलली आणि चालू लागला. तिचा नवरा मारायला धावला. तेवढ्यात मागून तू ओरडलीस, पिशवी ठेव खाली, मी इकडे आहे. एवढ्या गर्दीत, तोंडावर गमछा असताना, केवळ खांदा उडवत चालण्यावरून तू त्याला ओळखलंस. आणि पत्र वेळेत पोचलं नसेल म्हणून तिथवर तू एकटी आली होतीस, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

ज्या मास्तरणीच्या वर्गात कधी कुणी हसलं नाही, तिला आज उंबऱ्यावर बसून हसू आवरेना.

तर, इथे राहायला येऊ नकोस. तुझं घर तूच सांभाळ. साथ सरली की मीच येते. चिंधाला आणत नाही, त्याचा भरवसा नाही. स्टेशनवर तू ये. मी तोंडावर पदर घेऊन, न बोलता उतरणार.

लोभ आहेच. परीक्षा मात्र घेणार.

भागीरथी